पाळणाघरातील उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द ऐकताच आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर निवडणूक उभी राहते. परंतु जुन्या कचेऱ्यांमध्ये आणि कारखान्यांमध्ये उमेदवार म्हणजे उमेद धरून राहणारा, अर्थात पुढे कायम जागा मिळेल या आशेने आधी बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यावर काम शिकणारा माणूस असा अर्थ रूढ होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने या शब्दाला 'शिकाऊ' हे विशेषण जोडले आणि त्याच्या पाठीमागे लेखी करार, ठरावीक मुदत, ठरावीक अभ्यासक्रम आणि विद्यावेतन, म्हणजे शिकण्याच्या काळात मिळणारी दरमहा रक्कम, अशी चौकट उभी केली. या प्रकरणाचा विषय आहे तो ही चौकट जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपनाला कितपत लागू पडली, हा. आणि त्यासाठी परळ-नायगावच्या मधोमध असलेला भोईवाडा हा परिसर निवडण्याचे कारण असे की, उमेदवारीच्या दोन अगदी भिन्न परंपरा येथे एकमेकींना लागून वाढल्या आणि तरीही त्यांपैकी एकीलाच नाव मिळाले.

पहिली परंपरा पुरुषांची. परळ येथील आणि लोअर परळ येथील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर होण्यासाठी 'अप्रेंटिस' म्हणून लागणे ही या भागातील कामगार घरांत मोठी गोष्ट मानली जाई. मुलगा अप्रेंटिस लागला म्हणजे त्याला हजेरीचा क्रमांक मिळे, शिकवणारा उस्ताद ठरलेला असे, मुदत संपल्यावर परीक्षा होई आणि हातात प्रमाणपत्र येई. गिरण्यांमध्ये इतकी शिस्त नव्हती. तेथे गावचा किंवा नात्यातला माणूस नवख्याला साच्याजवळ उभे करून घेई, जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, त्याला बदलीवर लावी आणि बघता बघता तो विणकर होई. तरीही हे शिकणे शिकणे म्हणून ओळखले जात होते. दुसरी परंपरा स्त्रियांची. वाइंडिंग किंवा रिळिंग खात्यात जाणाऱ्या बाईचे तान्हे मूल दिवसभर सांभाळणारी चाळीतील म्हातारी, तिच्या हाताखाली वावरणारी दहा-बारा वर्षांची मुलगी आणि त्या मुलीने पुढे स्वतःची मुले वाढवताना, शेजारणीची सांभाळताना वापरलेले ज्ञान, या साखळीला कोणी उमेदवारी म्हटले नाही. ते बायकांना उपजतच येते, असे गृहीत धरले गेले.

ते उपजत येत नाही, याचा पुरावा याच भागातून आणि फार लवकर मिळाला. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची आणि अर्भकांची पाहणी केली, तेव्हा अशा बायकांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याचे तिने नोंदवले. अफूची ही गोळी 'बाळगोळी' या गोड नावाने विकली जाई. आई दहा-दहा तास गिरणीत, दूध नाही, खोलीत धूर, आणि मूल रडू लागले तर रात्रपाळी करून झोपलेल्या पुरुषांच्या शिव्या. अशा स्थितीत बाळगोळी ही क्रूरता नव्हती, तर पाळणाघर नसलेल्या शहराने शोधून काढलेली स्वस्त सोय होती. बाल-संगोपनाच्या प्रशिक्षणाचा इतिहास लिहिणारे बहुधा युरोपातील बागांपासून आणि लाकडी ठोकळ्यांपासून सुरुवात करतात. मुंबईपुरता तो इतिहास या गोळीपासून सुरू करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

भोईवाड्याला लागूनच असलेल्या नायगावच्या बीडीडी चाळी याच काळात उभ्या राहत होत्या. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींतील खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक आणि खोल्यांच्या मधून जाणारी लांब मोकळी वाट. या वाटेने पुढील साठ-सत्तर वर्षे पाळणाघराचे काम केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दारे उघडी असत, रांगणारे मूल कोणाच्याही दारात थांबे, आणि ज्याच्या दारात थांबे त्याने त्याच्या हातावर काहीतरी ठेवून त्याला पुन्हा त्याच्या घराकडे वळवावे, असा अलिखित संकेत होता. चाळींच्या जागी मनोरे येत असताना स्वतंत्र संडास आणि मोठी खोली मिळते, ही निःसंशय चांगली गोष्ट आहे. मात्र ती वाट जाते, आणि तिच्याबरोबर जे फुकटचे संगोपन होत होते, ते विकत घ्यावे लागते. पाळणाघरांची आणि ती चालवू शकणाऱ्या शिकलेल्या बायकांची गरज परळ-दादर भागात वाढली, त्याचे एक मोठे कारण येथे आहे.

कायद्याने मात्र पाळणाघराचा विचार त्यापूर्वीच केला होता. मुंबई प्रांताने १९२९ साली देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा केला. परळच्या चाळीत त्या काळात राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंडळात त्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ४८ आले आणि पाळणाघर सक्तीचे झाले. पन्नासची मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीने तीसवर आणली गेली. या कलमातील एक तरतूद सहसा कोणी वाचत नाही. खोली पुरेशी मोठी, उजेडाची, हवेशीर आणि स्वच्छ असावी, एवढे सांगून कायदा थांबला नाही, तर ती मुलांच्या आणि अर्भकांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या ताब्यात असावी, असेही त्याने बजावले. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्यातही हीच अट जवळपास त्याच शब्दांत होती. म्हणजे प्रशिक्षित स्त्री हवी, हे कायद्याने मान्य केले. ती कोठे प्रशिक्षित व्हावी, तिला कोणी शिकवावे आणि शिकत असताना तिने काय खावे, हे प्रश्न कायद्याने सोडून दिले. फिटरच्या बाबतीत हेच प्रश्न १९६१ च्या कायद्याने कलमागून कलम सोडवले, ही तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सोडलेल्या प्रश्नांची उत्तरे कायद्याबाहेरील माणसांनी दिली, आणि त्यांत भोईवाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरचे एक नाव येते. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली तेथेच नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुंबईला परतल्यावर त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले, आणि बालमंदिराला जोडूनच अध्यापन मंदिर, म्हणजे बालशिक्षिका घडवणारी शाळा, उभी केली. या 'जोडूनच' शब्दाला महत्त्व आहे. शिकणारी स्त्री सकाळी बालमंदिरात बसे, मुलांच्या हालचालींचे टिपण करी, आणि नंतर त्या टिपणांवर चर्चा होई. पुस्तकातील मूल आणि समोरचे मूल यांच्यात एका भिंतीपेक्षा जास्त अंतर पडू नये, ही त्यामागील दृष्टी होती. निरीक्षण हा मॉन्टेसरी पद्धतीचा कणा. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टर विदुषीने आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीतील चाळवजा इमारतीत उघडले, आणि तेथील शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावे अशी योजना होती, हे दादर-परळच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवे. कारण आज त्याच नावाने चालणाऱ्या शाळांची शुल्के पाहिली तर ही पद्धत कामगारांच्या मुलांसाठी जन्माला आली होती, यावर विश्वास बसणे कठीण जाते.

ताराबाईंच्या कामाचा पुढील टप्पा मुंबईबाहेर, बोर्डी आणि मग १९५७ पासून कोसबाड येथे झाला. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याचा प्रयोग झाला आणि 'अंगणवाडी' हा शब्द त्या प्रयोगातून रूढ झाला. विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांचे शिकणे. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई शिक्षिका होत्या, तरी बालशिक्षण त्या शिकल्या ते १९४५ पासून ताराबाईंच्या सोबत काम करीत, त्यांच्या चुका आणि त्यांचे निर्णय जवळून पाहत. पदवी त्यांनी पुष्कळ उशिरा मिळवली. ताराबाईंच्या निधनानंतर कोसबाडचे काम त्यांनी वाढवले. महाराष्ट्रात बाल-संगोपनातील उमेदवारीचे इतके पूर्ण, इतके दीर्घ आणि इतके फलद्रूप दुसरे उदाहरण नाही. मात्र त्या नात्याला करार नव्हता, मुदत नव्हती आणि नोंदणी तर नव्हतीच.

येथे थोडे थांबून, या उमेदवारीत शिकायचे तरी काय असते, हे पाहायला हवे. कारण 'मुले सांभाळणे' या दोन शब्दांत हा व्यवसाय गुंडाळला जातो आणि त्यातील कसब दिसेनासे होते. सकाळी साडेआठला पाळणाघराच्या दारात दीड वर्षाचे मूल आईच्या पदराला धरून रडत आहे, हा प्रसंग घ्या. नवखी मदतनीस बहुधा दोनपैकी एक चूक करते: एक तर मुलाला खेळणे दाखवून आईला गुपचूप निसटून जायला सांगते, नाहीतर आईला अर्धा तास थांबवून ठेवते. पहिल्या चुकीने मूल दुसऱ्या दिवशी दारातच जास्त घट्ट चिकटते, कारण आई नजर चुकवून जाते हे त्याने शिकलेले असते. दुसऱ्या चुकीने निरोप लांबतो आणि रडणेही. मुरलेली ताई आईला मुलाच्या देखत, एकाच वाक्यात निरोप घ्यायला लावते, मुलाला कडेवर घेऊन खिडकीशी नेते, आई दिसेनाशी होईपर्यंत हात हलवायला लावते आणि मग त्याचे रडणे थांबवण्याची घाई करत नाही. मूल तिच्या खांद्यावर हुंदके देत असताना ती दुसऱ्या हाताने दुसऱ्या मुलाच्या डब्याचे झाकण उघडते. हे पुस्तकात लिहिता येते, जसे आत्ता लिहिले. मात्र किती वेळ हुंदके देऊ द्यायचे आणि नेमके कोणत्या क्षणी त्याला खाली उतरवायचे, हे कोणाच्या तरी शेजारी उभे राहूनच कळते.

दुसरे उदाहरण जेवणाचे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते, तेव्हा मऊ भात, वरण, नाचणीची पेज हे वाटी-चमच्याने भरवायचे. आडवे झोपवून भरवायचे नाही. एक घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलांच्या हाती पडू द्यायची नाहीत, कारण लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत दाणे-चणे नेहमी आढळतात, आणि आपल्याकडे तर संध्याकाळच्या खाऊत नेमके तेच असतात. घास अडकलाच तर एक वर्षाखालील मुलाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा आणि मग उलटे करून छातीवर पाच दाब, हा क्रम उमेदवारणीने बाहुलीवर इतक्या वेळा केलेला असावा की प्रसंगी हाताला आठवावे, डोक्याला विचारावे लागू नये. तान्ह्या मुलाला पाठीवर निजवणे, झोपलेल्या मुलांच्या छातीची हालचाल ठरावीक वेळाने पाहणे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना प्रत्येक वेळी डोकी मोजणे, लंगोट बदलण्यापूर्वी आणि नंतर हात धुणे, दंडाचा घेर मोजण्याच्या पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी आकडा आला तर तीव्र कुपोषण समजून ते मूल लगेच आरोग्यसेवेकडे पाठवणे, अंगावरील खुणा पाहून संशय आल्यास गप्प न बसणे, कारण २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे बंधनकारक केले आहे. ही यादी आणखी लांबवता येईल. परळमध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयासारखे १९२९ पासूनचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असणे ही या भागातील पाळणाघरांची जमेची बाजू असली, तरी अडकलेला घास रुग्णालयापर्यंत थांबत नाही.

या कसबाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन वाटांनी प्रशिक्षण मिळत गेले. पहिली वाट बांधकामाच्या जागेवरची. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी सुरू केलेल्या मोबाइल क्रेशेस या संस्थेची मुंबईतील शाखा १९७२ मध्ये सुरू झाली आणि पुढे मुंबई मोबाइल क्रेशेस या नावाने स्वतंत्र संस्था झाली. इमारत उभी राहीपर्यंत पाळणाघर तिच्या पायथ्याशी, इमारत पूर्ण झाली की मजुरांसोबत पाळणाघरही पुढच्या जागेवर, अशी ही फिरती रचना. वस्तीतीलच स्त्रियांना घेऊन त्यांना केंद्रात काम करता करता शिकवण्याची रीत या संस्थेने रुजवली आणि त्यांच्या 'बालपालिका' प्रशिक्षणात वर्गातील पाठ आणि पाळणाघरातील काम एकमेकांत विणलेले असतात. उमेदवारी या शब्दाच्या नेमक्या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारी मुंबईतील रचना हीच. दुसरी वाट सरकारी: २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ही दोन पदे घरोघरी पोहोचवली, त्यांचे प्रशिक्षण मात्र काही आठवड्यांचे आणि काम सुरू झाल्यावर अधूनमधून उजळणीचे. तिसरी वाट 'प्रथम' या १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या बालवाड्यांची, ज्यांत वस्तीतील तरुणी स्वतःच्या किंवा शेजारच्या खोलीत बालवाडी भरवत. याशिवाय बारावीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत पाळणाघर आणि पूर्वप्राथमिक व्यवस्थापन हा विषय राज्यात अनेक वर्षे शिकवला गेला. तो घेणाऱ्या मुलींची वर्गमित्रांकडून 'आया होणार का' म्हणून चेष्टा होई, आणि ही चेष्टा फार निष्पाप नव्हती.

कारण प्रश्न अखेर मोबदल्याच्या शब्दांपाशी येतो. मराठीत कामाच्या पैशाला तीन वेगळी नावे आहेत: काम करणाऱ्याला मिळते ते वेतन, शिकणाऱ्याला मिळते ते विद्यावेतन, आणि सेवा करणाऱ्याला मिळते ते मानधन. वर्कशॉपमधील मुलगा विद्यावेतनाकडून वेतनाकडे जातो, ही त्याची वाटचाल. अंगणवाडी सेविका मानधनापासून सुरुवात करते आणि पंचवीस वर्षांनी मानधनावरच थांबते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या उपदानाला, पात्र असल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्यांचे काम हे काम आहे, एवढे तरी न्यायालयाच्या कागदावर आले. मानधन या शब्दात मान आधी आणि धन नंतर येते, आणि व्यवहारात दोन्हींच्या बाबतीत हात आखडलेलाच राहिला.

इतर देशांत हा गुंता वेगळ्या रीतीने सोडवला गेला. जर्मनीत बालशिक्षक होण्यासाठी पूर्वी शाळेत बिनपगारी वर्षे काढावी लागत; बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१२ पासून प्रत्यक्ष कामात गुंफलेले तीन वर्षांचे प्रशिक्षण सुरू केले, ज्यात शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून मोबदला मिळतो, आणि ती रीत मग इतर राज्यांतही पसरली. इंग्लंडमध्ये बाल-संगोपनातील उमेदवारीचे ठरलेले स्तर आहेत आणि दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक प्रौढ असे प्रमाण कायद्याने बांधले आहे. आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय बाल-संगोपन व शिक्षण धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ, असे प्रमाण सुचवले. तीन आणि दहा यांतील फरक केवळ श्रीमंतीचा नाही. दहा तान्ह्या मुलांमध्ये एकट्या उभ्या असलेल्या बाईला शिकाऊ मुलीला काही दाखवण्याइतकी उसंतच नसते, आणि त्यामुळे जेथे प्रमाण विस्कटलेले आहे, तेथे उमेदवारी ही फुकट मदतनीस मिळवण्याची युक्ती होऊन बसते.

भारतातील आजचा कायदा पाहिला तर अडचण आणखी ठळक होते. शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली ऐच्छिक व्यवसायांची, म्हणजे मालकाने स्वतः ठरवून अभ्यासक्रम आखावा अशा व्यवसायांची, सोय झाली. त्यामुळे तत्त्वतः पाळणाघरालाही दार उघडले. २०१९ च्या सुधारित नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवले आणि विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये अशी ठरवली. बारावी झालेल्या मुलीसाठी ती ७,००० रुपये होती. आता भोईवाड्यातील कोणत्याही चाळीच्या तळमजल्यावरील बालवाडीत डोकावावे. तेथे एक ताई असते आणि एक मदतनीस. म्हणजे दोन माणसे. चारच्या मर्यादेखाली असल्यामुळे या कायद्याला ती दिसतच नाही. पाळणाघर चालवण्याचे कसब ज्या जागी खरोखर आहे, ती जागा उमेदवार घेण्यास अपात्र. आणि ज्या मोठ्या आस्थापनांवर २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असल्यास, पाळणाघराची सक्ती केली, तेथे पाळणाघर बाहेरच्या ठेकेदाराकडे दिलेले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या बाबतीत एक पाऊल टाकले: बारावी किंवा अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका. मात्र हे शिक्षण मुख्यतः दूरचित्रवाणी आणि स्मार्टफोनवरून, महिन्यातून किमान एका प्रत्यक्ष वर्गासह, द्यायचे असे त्यात म्हटले आहे. भाषाविकासाचे सिद्धांत फोनवर शिकता येतील. वर वर्णन केलेला दारातील निरोप आणि पालथ्या मुलाच्या पाठीवरील थाप फोनवर शिकता येणार नाही. तो अभ्यासक्रम वाईट नाही, तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग अनुभवी ताईच्या शेजारी घालवलेल्या महिन्यांतूनच येऊ शकतो, आणि त्या ताईला शिकवण्याबद्दल वेगळा मोबदला दिल्याशिवाय ती शिकवण्यासाठी वेळ काढील, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. एका वॉर्डातील पंधरा-वीस बालवाड्या आणि पाळणाघरे मिळून एक आस्थापना मानली, तर चारची आणि तीसचीही अट एका झटक्यात ओलांडली जाईल. महापालिका, कंपन्यांचे पाळणाघर-ठेकेदार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून अशी साखळी उभारण्यास कायद्यात फार मोठा बदल लागू नये. शिवाय वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या स्त्रियांना पूर्वज्ञानाची मान्यता, म्हणजे कामातून मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय, लागू करून आधी त्यांनाच 'उस्ताद' म्हणून नोंदवावे लागेल. शिकवणाऱ्याशिवाय उमेदवार कोणाच्या हाताखाली राहणार?

तोपर्यंत, बारावीनंतर या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या परळ, नायगाव किंवा भोईवाड्यातील मुलीने पाळणाघरात शिकाऊ म्हणून पाय ठेवण्यापूर्वी संचालकांना चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. करार लेखी आहे का आणि शिकाऊ उमेदवार कायद्याखाली त्याची नोंदणी होणार आहे का. विद्यावेतन किती आणि ते कोणत्या तारखेला. खोलीत एका मोठ्या माणसामागे किती मुले असतात. आणि शिकवणारी ताई नेमकी कोण. चौथ्या प्रश्नाला 'सगळ्याच शिकवतील' असे उत्तर मिळाले, तर दुसरे पाळणाघर पाहावे.